संध्याकाळच्या विजेचा दर

होळीची राख थंड झाली की आमच्या गल्लीत कूलर माळ्यावरून खाली उतरतात. पत्र्याच्या त्या पेट्या अंगणात उन्हाला ठेवतात, गंज खरवडतात, बाजूंच्या जाळीतल्या मागच्या वर्षीच्या ताट्या उचकटून फेकून देतात. मग लकडगंजच्या आरामशिनींवरून, लाकूड कापायच्या कारखान्यांतून, लाकडाचा बारीक कीस पोत्यांत भरून येतो. तो जाळीत दाबून बसवला आणि त्याच्यावर पहिलं पाणी सोडलं की एक वास सुटतो. ओल्या लाकडाचा, जरासा आंबूस, जरासा गोड. बाकीच्या घरांत त्या वासानं उन्हाळा सुरू होतो. मी खिडकी लावून घेते.

काल शेजारी यंदाचा पहिला कूलर लागला. मी कॉलेजच्या लायब्ररीतल्या नोकरीवरून नुकतीच परतले होते. आई ओट्यावर पाय सोडून बसली होती. कूलरची घरघर सुरू झाली तशी तिनं मान वर केली.

"लागला," ती म्हणाली.

तेवढंच. मी पायातल्या चपला काढल्या आणि आम्ही दोघी आत गेलो.

बाबांना जाऊन आता काही उन्हाळे उलटले. दर वर्षी वाटतं, यंदा हा आवाज नुसता आवाज म्हणून ऐकू येईल. असले आवाज वर्षभर येतातच की. दिवाळीत कुठं लोखंड घासलं, पिठाची गिरणी लागली, तर मला काही होत नाही. पण मार्च सरता सरता, दिवेलागणीला, पाणी मारलेल्या अंगणाच्या पलीकडून कूलरची मोटर घरघरली की माझा हात आपोआप छातीवर जातो. आणि मी श्वास मोजू लागते. स्वतःचा नव्हे.

तो उन्हाळा ऐंशी सालानंतरचा. नागपूरचा उन्हाळा नागपूरच्या माणसाला सांगावा लागत नाही, आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. दुपारी रस्ते ओस, दारांना ओल्या चादरी, सायकलवरच्या माणसाचं डोकं शेल्यात गुंडाळलेलं. त्या दुपारशी बाबांचं काही भांडण नव्हतं. दुपार ते निजून, पाणी पिऊन, जुनी वर्तमानपत्रं चाळून निभावत. त्यांना जड जायची ती संध्याकाळ. सूर्य गेलेला असतो, भिंती मात्र तापलेल्या असतात, आणि वारा असा पडतो की कडुनिंबाचं पानही हलत नाही. नेमका त्या मधल्या वेळेत त्यांचा श्वास अडकायचा.

जन्मभर ते गिरणीत, कापूस पिंजण्याच्या खात्यात होते. तिथं हवेतच कापूस तरंगत असे. मी लहानपणी त्यांचा डबा घेऊन जाई, तेव्हा ते फाटकाशी आले की त्यांच्या भुवया पांढऱ्या दिसत. बाबा म्हातारे झाल्याची नक्कल करताहेत असं मला वाटे आणि मी खिदळे. पुढे भुवया खरोखरच पांढऱ्या झाल्या, तोवर तो कापूस छातीत जाऊन बसला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि हे आता असंच चालायचं, असं हळू आवाजात मला बाजूला घेऊन सांगितलं.

श्वास लागला की बाबांना तोंडावर हवा लागे. गोळी मागाहून, आधी हवा. उशाशी स्टुलावर एक टेबलपंखा होता, त्याच्यासमोर ते दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, तोंड किंचित उघडं ठेवून बसत. हवेचा झोत ओठांवर आला की हळूहळू खांदे खाली येत, कपाळावरची शीर उतरे. पंखा बंद असला की आई विंझणा घेऊन बसे. तिचे हात काटक, पण हातच ते.

"तुह्या हाताची हवा तुकड्या-तुकड्यानं येते वं," बाबा म्हणत. "पंख्याची कशी एकसारखी येते."

"मंग त्या पंख्यासंगच लग्न लावाचं होतं."

ते हसत, आणि हसण्यापायी पुन्हा खोकल्याची उबळ येई. आई विंझणा त्यांच्या पाठीवर हलकेच मारी. "हसू नका म्हणलं ना."

संध्याकाळी पंखा चालू राहावा, एवढीच त्या उन्हाळ्यात आमच्या घराची मागणी होती. आणि तो चालू राहत नव्हता.

गल्लीच्या तोंडाशी, कडुनिंबाखाली, विजेची डीपी होती. दोन खांबांवर ट्रान्सफॉर्मर आणि खाली फ्यूजची पेटी. ती बसवली तेव्हा आमच्या घरांत एकेक दिवा आणि एखाददुसरा रेडिओ होता. मग पंखे आले. मग दोन-तीन वर्षांतच कूलर आले, आणि ते आले मेश्रामकाकांमुळे. मेश्रामकाका आमच्याच गल्लीतले, लकडगंजच्या एका आरामशिनीवर कामाला. पत्रा कापून, जुन्या बाजारातली मोटर बसवून ते स्वतः कूलर बनवत आणि गल्लीत ज्याला हवा त्याला जवळजवळ फुकट देत. बाबांना ते दादा म्हणत. दोघांनी एकाच मैदानात, एकाच दिवशी दीक्षा घेतली होती, आणि त्या गर्दीत हरवलेल्या एकमेकांच्या चपला शोधता शोधता ओळख झाली, असं ते दोघंही वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगत.

दिवेलागणीला सगळे एकदमच घरी येत. एकदमच अंगणात पाणी मारत, एकदमच बटनं दाबत. थोड्या वेळानं डीपीतून आवाज येई, फट्, आणि गल्ली काळी होई. "लाइन गेली!" पोरं आनंदानं ओरडत. मग वायरमनची वाट पाहणं. तो तरी काय करील, त्याच्या वाट्याला अशा किती गल्ल्या. तो येईपर्यंत सगळ्यांची जेवणं उरकत आणि आई विंझणा एका हातातून दुसऱ्या हातात घेत राही.

दुःखाच्या गोष्टीत विजेचा दर आणू नये, असं कोणी म्हणेल. आमच्या दुःखात तो आधीपासूनच येऊन बसलेला होता.

मी शाळेत असताना एकदा घरगुती विजेचा दर वाढणार अशी बातमी आली होती. बाबा तेव्हा युनियनच्या कामात होते. त्यांनी मोर्चा काढला, तोही कसा, तर भर दुपारी पेटवलेले कंदील हातात घेऊन. मीही एक कंदील धरून त्यांच्या बाजूनं चालत होते. उन्हात त्याची ज्योत दिसतच नव्हती, काच तेवढी तापून हाताला चटके देत होती. "असाच उजेड पाडणार आहे सरकार आपल्या घरी," बाबा रस्त्याच्या कडेच्या लोकांना सांगत, आणि लोक हसून मोर्चात सामील होत. दर वाढला नाही. सामान्य घराला लागेल तेवढ्या विजेचा दर सरकारनं बांधून दिला, याच्या वर जाणार नाही म्हणून. बाबांनी आयुष्यात लढाया खूप लढल्या, जिंकलेल्या थोड्या. ही त्यांतली एक. गरिबाच्या घरचा दिवा महाग होऊ दिला नाही, हे वाक्य ते कधीकधी उगाचच, भाजी निवडता निवडताही म्हणत.

पुढे तो दर इकडेतिकडे थोडा हलला असेल, पण बांधलेलाच राहिला. आणि घड्याळ काहीही म्हणो, तो एकच राहिला. पहाटेच्या विजेला जो दर, तोच दुपारच्या, तोच दिवेलागणीच्या.

त्या उन्हाळ्यात लायब्ररीतल्या एका मासिकात माझ्या वाचनात आलं की काही देशांत संध्याकाळच्या विजेला जास्त दर लावतात आणि रात्रीच्या विजेला कमी. तिथं मीटरच तसे असतात. मग लोक पाणी तापवणं, कपडे धुणं रात्रीवर ढकलतात आणि संध्याकाळचा भार हलका होतो. आजाऱ्याच्या घरच्या माणसाला कुठं तरी एखाद्या जडीबुटीचं नाव सापडावं, तसं मला झालं. त्या दिवशी मी घरी आले ती भराभरा पावलं टाकतच. बाबा पंख्यासमोर बसले होते. मी सगळं एका दमात सांगितलं.

"म्हणजे संध्याकाळचा भाव येगळा?" त्यांनी विचारलं.

"हो. जरासा जास्त. मंग ज्याले तेवढी गरज नाही, तो कूलर उशिरा लावन. डीपीवर भार नाही येणार. लाइन नाही जाणार, बाबा."

"अन् ज्याच्यापाशी पैसा आहे तो?"

"तो लावन."

"मंग गरज कोनाले आहे, हे पैसा ठरवन का वं, सुशी?"

ते थोडं थांबले, श्वास गोळा केला.

"संध्याकाळ कोनाची असते? दिवसभर राबून आलेल्या मानसाची. त्याले काय सांगाचं, तू रात्री गार हो म्हणून?"

"पन तुमचा पंखा..."

"माह्या एका पंख्यासाठी साऱ्या गल्लीचा भाव वाढवतं?"

मीही हट्टी. म्हटलं, "रेशनच्या दुकानावरची पाटी आठवते का तुम्हाले? साखरेचा भाव खडूनं लिहून राहे. कसा स्वस्त! अन् साखर?"

ते हसले. "हे बाकी खरं बोलली तू. पन साखर नसली तं मानूस गूळ खाते."

"अन् हवा नसली तं?"

पंख्याच्या जाळीला धुळीची एक लांब वात लटकली होती, ती थरथरत होती. ते तिच्याकडे पाहत राहिले. आत आई कुकरच्या शिट्टीची वाट पाहत उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं असणार.

अजूनही मी हा वाद त्यांच्याशी घालते. बसमध्ये, पुस्तकांवर नंबर घालताना, भांडी विसळताना. कधी मी जिंकते, कधी ते. बांधलेला दर ही पाटी आहे, पाटीनं पोट भरत नाही, असं मी म्हणते. पाटी तरी असू दे, ती पुसली की दुकानात शिरायचीही सोय राहणार नाही, असं ते म्हणतात. त्यांच्या बाजूची वाक्यंही आता मलाच बोलावी लागतात, त्यामुळे ती त्यांच्यासारखी होत नाहीत.

त्या वादाच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी बाबांनी मेश्रामकाकांना आणि आणखी चार जणांना बोलावून घेतलं. गल्लीतली भांडणं पूर्वीपासून आमच्या ओट्यावरच मिटत. "भाव नाही वाढवाचा," ते म्हणाले, "तं पाळी लावू. गिरणीत नाही का, पाळी असते? दिवेलागणीपासून जेवणापर्यंत गल्लीच्या डाव्या बाजूचे कूलर. जेवण झालं का उजव्या बाजूचे. दर हप्त्याले बदली."

"अन् तुमची बाजू कोनती, दादा?" मेश्रामकाकांनी विचारलं.

"माह्याकडं कूलरच नाही. मी पंच."

आणि ते चाललं. खरंच चाललं. एप्रिलचे ते दिवस माझ्या आठवणीत वेगळे उजळलेले आहेत. संध्याकाळी अर्धी गल्ली घरघरायची आणि अर्धी गल्ली ओट्यावर येऊन बसायची. ज्यांची पाळी नाही त्या बायका ज्यांची पाळी आहे त्यांच्या खिडकीखाली तांदूळ निवडत. विहारातून संध्याकाळच्या वंदनेचे सूर येत. पंखा एकसारखा फिरत असे आणि बाबा पंख्याच्या आवाजावर आवाज चढवून गिरणीतल्या गोष्टी सांगत. "पाह्य," ते मला म्हणाले, "पैशाबिगर झालं का नाही?" हरल्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

चोऱ्या होत. समोरच्या गिरजाबाई, मोठ्या अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या. एका संध्याकाळी त्यांची पाळी नसताना आतून घरघर ऐकू येऊ लागली. मेश्रामकाकांनी ओट्यावरूनच हाळी दिली.

"गिरजाबाई, तुमच्याकडून कूलरचा आवाज येऊन राहिला वं!"

"कूलर नोहे भाऊ," गिरजाबाई आतून म्हणाल्या, "आमचे हे घोरून राहिले."

"दिवेलागणीले?"

"त्याईचं घोरनं काही पाळी पाहत नाही."

"घोरू द्या," बाबा म्हणाले, "पन त्याईच्या घोरन्यानं पडदा हालून राहिला, तेवढं पाहा."

सगळी गल्ली हसली. आत बटनाचा आवाज झाला आणि गिरजाबाईंचे यजमान घोरायचे एकदम थांबले.

मे लागला तेव्हा मामा आला. कुहीजवळच्या गावात त्याचं शेत; धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, आणि विहिरीच्या पाण्यावर थोडी वांगी, थोडे टमाटे. पिशवीभर वांगी त्यानं आईपुढे ओतली आणि बाबांच्या खाटेशी येऊन बसला.

"तुमच्याकडं बरं आहे, भाऊजी. संध्याकाळी लाइन असते. आम्हाले तं रात्रीच देते. सारं गाव झोपलं का मोटार सुरू कराले वावरात जा, पायाखाली इच्चू का साप, काही दिसत नाही."

"काहून रात्रीच?" आईनं विचारलं.

"संध्याकाळी शहरात पंखे लागते ना."

कुरकुरीचा सूर नव्हता त्यात. पाऊस उशिरा येतो, लाइन रात्री येते, तसं ते. बाबा मात्र खाटेवर उठून बसले. "म्हणजे ह्या पंख्याची हवा तुह्या वावरातून येते."

"येऊ द्या ना, भाऊजी. वांगे काही संध्याकाळीच पानी पेत नाही."

मामा जेवून गेला. बाबांनी थोडा वेळ पंखा बंद करायला सांगितला. का, ते आम्ही विचारलं नाही. आईनं बंद केला, आणि त्यांच्या खांद्यांकडे पाहत तिनं बटनावरचा हात काढला नाही. थोड्याच वेळात तिनं त्यांना न विचारता तो पुन्हा लावला.

मग नवतपा लागला. उन्हाळ्याचे ते शेवटचे, सगळ्यांत कडक दिवस, ज्यांत पाण्याच्या टाकीतलं पाणी सकाळीच हात लावू देत नाही. त्या दिवसांत पाळी मोडली. ती कोणी मोडली असं सांगता येत नाही. गिरजाबाईंची सून बाळंतीण होती, तान्ह्या बाळाच्या अंगावर घामोळं उठलं होतं, त्यांनी लावला. शेजारच्या म्हाताऱ्याला भोवळ आली, त्यांनी लावला. एकाच्या मुलाची परीक्षा, एकीचं डोकं दुखतं. मी गल्लीतून येताना प्रत्येक घरातली घरघर ऐकत असे आणि प्रत्येक घराचं कारण मला ठाऊक असे. एकही कारण खोटं नव्हतं. माझ्या एका कूलरनं काय होतंय, हे ज्याचं त्याला वाटत होतं, आणि एकेकट्यानं पाहिलं तर तेही खरंच होतं. रोज फट् होऊ लागलं. बाबांनी पंचायत बोलावली नाही. "जाऊ दे," ते म्हणाले. "गरमी भल्ली आहे."

त्याच दिवसांतल्या एका संध्याकाळी त्यांचा श्वास कधी नव्हे इतका अडकला. नखं निळसर दिसू लागली. आईनं मला डॉक्टरांकडे पिटाळलं. ते गावाला गेलेले. मी परत आले तेव्हा गल्लीत शिरताच काहीतरी वेगळं जाणवलं. आवाज नव्हता. एकही कूलर चालू नव्हता. बातमी घरोघर गेली होती आणि एकही शब्द न बोलता सगळ्यांनी बटनं बंद केली होती. ओट्याओट्यांवर माणसं घामानं निथळत बसली होती. कुठं तरी भांडं पडलं तर गल्लीभर ऐकू गेलं. गिरजाबाईंच्या घरात ते तान्हं बाळ रडत होतं. आणि आमच्या खिडकीतून पंख्याचा आवाज येत होता, एकसारखा.

मी आत गेले. बाबा पंख्यासमोर बसले होते. खांदे अजून वर होते, पण ते झोत पीत होते. आईनं मला खूण केली, जरा बरं आहे.

तेवढ्यात हातगाडीचा आवाज आला. मेश्रामकाका आणि आणखी दोघे. गाडीवर नवाकोरा कूलर, गल्लीतल्या सगळ्यांहून मोठा. कितीतरी दिवस ते तो आरामशिनीवर, काम सुटल्यावर, कोणाला न सांगता बनवत होते. बाबांसाठी. आज त्यांची हालत ऐकून रंगही पुरता वाळू न देता घेऊन आले होते.

"दादा," दारातूनच ते म्हणाले, "आता कोनाच्या पाळीची गरज नाही. सारी गल्ली बंद आहे. ही हवा घ्या तुम्ही."

आईनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या मायेनं आणलेली वस्तू दारातून परत कशी पाठवायची? बाबांनी कूलरकडे पाहिलं, मग मेश्रामकाकांकडे. नाही म्हणायलाही श्वास लागतो, आणि तो त्यांच्यापाशी नव्हता. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच हलली, हे मला आजही सांगता येत नाही.

खिडकीत कूलर बसला. पाणी भरलं. पंख्याच्याच बोर्डावर मेश्रामकाकांनी त्याची पिन खोचली आणि बटन दाबलं. एक थंडगार, ओल्या लाकडाच्या वासाचा झोत खोलीत आला. "आहा," कोणी तरी म्हणालं. पुढच्याच क्षणी भिंतीत काहीतरी चरचरलं. आमच्या घरातली वायर एका दिव्याच्या काळातली होती. तिनं तेवढा भार कधी पाहिलाच नव्हता. बोर्डापासून छतापर्यंत भिंतीवर एक काळी रेघ उमटत गेली, जळक्या रबराचा वास आला, दिवा गेला. पंखा हळू होत होत थांबला. त्याची पाती एकेक करून दिसू लागली.

त्या संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या घरांत लाइन होती. फक्त आमच्या घरात नव्हती.

मग धावपळ. खाट उचलून गल्लीत आणली. गिरजाबाईंच्या घरातून लांब वायर ओढली, त्यांचाच पंखा आणून स्टुलावर ठेवला. सगळी गल्ली खाटेभोवती जमली, आणि सगळे मदतीला आले असल्यामुळे हवा अडली. "सरका गा!" गिरजाबाई ओरडत होत्या. "त्याईले हवा येऊ द्या! काय तमाशा आहे का?" लोक मागे सरत आणि काळजीनं पुन्हा पुढे येत. मेश्रामकाका खाटेच्या पायथ्याशी उकिडवे बसले होते. हातांना अजून ओला रंग लागलेला. "दादा, मले समजलं नाही," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "मले समजलं नाही, दादा." बाबांनी हात लांब करून त्यांचं मनगट धरलं. रिक्षा येईपर्यंत धरून ठेवलं.

सरकारी दवाखान्यातल्या त्या वॉर्डात छताला उंच पंखे होते. ते सारखे फिरत असत. तिथं लाइन एकदाही गेली नाही. नळीतून प्राणवायू होता, नर्स होती, उशापायथ्याशी आम्ही होतो. बाबा फारसं बोलू शकले नाहीत. एकदा वर पाहून त्यांनी बोट गोल फिरवून दाखवलं, बघ, कसा फिरतोय. आई म्हणाली, "हो. एकसारखा." एका सकाळी, ऊन वर यायच्या आधी, फिरत्या पंख्याखाली त्यांचा श्वास थांबला.

तरुण डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. म्हणाले, फुप्फुसांत काही उरलंच नव्हतं. त्या दिवशी घरचा पंखा चालू राहिला असता तरी फरक पडला नसता. मला धीर यावा म्हणून ते म्हणाले. मी ते वाक्य पुष्कळदा उलटंपालटं करून पाहिलं आहे. खरं असेल तर पाळी, दर, वायर, त्या मासिकातलं मीटर, आमचा सगळा उन्हाळाच फुकट. खोटं असेल तर मेश्रामकाकांच्या तोंडाकडे मी पाहू कशी? म्हणून मी ते खरं मानते. त्याचा आधार वाटतो असं नाही.

बाबांना निरोप दिला. घरात पांढऱ्या कपड्यांतली माणसं येत राहिली, वंदना झाली, मामा येऊन भिंतीशी बसून राहिला. कोणी तरी आमची वायर बदलून दिली. उकाडा अजून सरला नव्हता. आणि रोज दिवेलागणीला गल्ली तशीच मुकी असे. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण एकाही घरातला कूलर लागत नव्हता. लोक अंगणात पाणी मारत, ओट्यावर बसत, पदरानं वारा घेत. लाइन जात नव्हती. जिच्यासाठी आम्ही तो सगळा उन्हाळा झुरलो, ती अखंड लाइन आता रोज संध्याकाळी येत होती.

अशाच एका संध्याकाळी गिरजाबाईंच्या घरातलं तान्हं रडू लागलं. थांबेना. आई कोपऱ्यात गुडघ्यांत मान घालून बसली होती. बराच वेळ तिनं ऐकलं. मग उठली, पदर डोक्यावरून घेतला आणि दाराबाहेर गेली. बाबा गेल्यावर ती पहिल्यांदाच उंबरा ओलांडत होती. मी मागोमाग निघाले.

ती थेट गिरजाबाईंच्या घरात शिरली.

"काहून बंद आहे कूलर?"

गिरजाबाई गडबडल्या. त्यांच्या मोठ्या आवाजाचं काय झालं कुणास ठाऊक. "असंच वं, बाई. राहू द्या."

"लेकराच्या अंगाची लाही होऊन राहिली."

"राहू द्या ना. आम्हाले काही वाटत नाही."

"आता कोनासाठी बंद ठेवता वं?" आई म्हणाली, आणि हात लांब करून तिनं स्वतः बटन दाबलं. ताट्यांवरून पाणी झिरपू लागलं. बाळ दचकलं, मग गप्प झालं. गिरजाबाईंनी तोंडाला पदर लावला.

आई थांबली नाही. मेश्रामकाका पायरीवर बसले होते. "मेश्रामभाऊ, लावा," ती म्हणाली. ते उठले नाहीत, मान खाली घालून बसून राहिले. त्यांच्या बाजूनं ती आत गेली, बटन दाबलं, बाहेर आली. मग पुढचं घर. मग त्याच्या पुढचं. गल्लीची डावी बाजू संपवून ती उजव्या बाजूला वळली. कुठं "काकू, असू द्या," कुठं नुसतं बाजूला सरणं. आमच्या मागे एकेक घर घरघरू लागलं, आणि तो आवाज आमच्या पाठोपाठ चालत आला.

शेवटच्या घरातून निघालो तेव्हा दोन्ही बाजू एकाच वेळी चालू होत्या, भर दिवेलागणीला. समोर कडुनिंब होता, त्याच्याखाली डीपी. ट्रान्सफॉर्मर गुंजत होता. तो आवाज हळूहळू जाड होत चालला होता. आता काय होणार हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मी तिचा दंड धरला.

"माय, लाइन जाईन."

तिनं वर पाहिलं. तिचा श्वास चालून चालून वर लागला होता.

"जाऊ दे," ती म्हणाली. "आता जाऊ दे."